आवाहन आहे, विसर्जन नाही

गेल्या वर्षीच्या पितृपक्षात अविधवा नवमीला आम्ही सगळे साताऱ्याला मामांच्या घरी जमलो होतो. माझी आजी, म्हणजे आईची आई, १९५८ साली गेली. आजोबा तेव्हा हयात होते, म्हणून तिची तिथी ही. तिचे एकच छायाचित्र आमच्या कुटुंबात आहे. गावातल्याच एका स्टुडिओत १९५५च्या सुमारास काढलेले. आजी खुर्चीवर बसलेली, नऊवारी लुगडे, नाकात नथ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट समोर. शेजारी काळी टोपी घालून आजोबा उभे. त्या दिवशी तसबीर भिंतीवरून उतरवून पाटावर ठेवली होती. जेवणे आटोपल्यावर मामेभावाचा मुलगा फोन घेऊन माझ्या आईजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, ही बघ तुझी आई."

पडद्यावर फक्त चेहरा होता. गुडघ्यांवरचे हात, लुगड्याचा काठ, शेजारचे आजोबा हे सारे कापले गेले होते. आजीने पापण्या मिटल्या, उघडल्या, मान किंचित उजवीकडे वळवली, ओठांच्या कडांनी हसली आणि पुन्हा समोर पाहू लागली. मान वळताना नथ क्षणभर गालात विरघळून गेली आणि मान सरळ होताच पुन्हा उगवली. सगळा प्रकार पाच-सहा सेकंदांचा.

आई काही बोलली नाही. तिने ते चार वेळा पाहिले. पाचव्या वेळी पडद्यावर मजकूर आला. मराठी यांत्रिक होती, पण अर्थ स्वच्छ होता: ही आठवण २४ तासांत पुसली जाईल, जपून ठेवायची असल्यास प्रीमियम घ्या. खाली एक मोठे रंगीत बटण. त्याच्याखाली, चष्म्याशिवाय वाचता येऊ नये अशा फिकट अक्षरांत दुसरा पर्याय: नको, मला ही आठवण गमवायची आहे. पहिले तीन दिवस मोफत, नंतर आठवड्याला ४९९ रुपये. मुलगा ओशाळला. आई म्हणाली, "घे रे, पैसे मी देते."

एवढ्यात आतून मावशी आली. ती ऐंशीच्या घरात आहे. आजी गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि आई सहा. मावशीने चष्मा लावून ते एकदाच पाहिले आणि फोन परत दिला. म्हणाली, "ही आई नाही. आई अशी मान वळवायचीच नाही. कुणी हाक मारली की आधी डोळे खाली घ्यायची, हातातलं काम संपवायची, मग वर बघायची."

गेले काही महिने मी या दोन वाक्यांमध्ये अडकले आहे. एकीने पैसे देऊ केले, दुसरीने फोन परत केला, आणि दोघींचेही म्हणणे खरे होते. छायाचित्रांना हालचाल देणाऱ्या या अ‍ॅप्सविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा 'केवढी किमया' किंवा 'केवढा भयंकर प्रकार' या दोन टोकांवर थांबते. वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यापुढे जायला हवे असे मला वाटते. कारण प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे त्याहून अधिक आख्यानाचा आहे: मृत माणसाची गोष्ट कोण सांगते, कशाच्या आधारे सांगते, आणि ती कुठे संपवते.

प्रथम ही हालचाल येते कुठून ते पाहू. या प्रकाराला जगभर लोकप्रियता मिळाली ती २०२१च्या फेब्रुवारीत. वंशावळींचे संकेतस्थळ चालवणाऱ्या 'मायहेरिटेज' या इस्रायली कंपनीने 'डीप नॉस्टॅल्जिया' नावाची सुविधा सुरू केली. तिच्यामागचे तंत्र 'डी-आयडी' या दुसऱ्या इस्रायली कंपनीचे होते. पद्धत थोडक्यात अशी. जिवंत माणसांच्या चेहऱ्याच्या हालचाली आधी चित्रित करून ठेवलेल्या असतात. तुम्ही दिलेल्या छायाचित्रातला चेहरा कोणत्या कोनात आहे हे पाहून त्याला जुळणारी एक हालचाल निवडली जाते आणि ती त्या चेहऱ्यावर चढवली जाते. मूळ छायाचित्रात जे दिसतच नाही, उदाहरणार्थ मिटलेली पापणी, ओठांआडचे दात, वळलेल्या मानेमागचा कान, ते यंत्र अदमासाने भरून काढते. आमच्या आजीची नथ ज्या क्षणी विरघळली, तो हा अदमास चुकल्याचा क्षण. त्यानंतरची साधने याहून बरीच पुढे गेली आहेत. आता पूर्ण देह हलतो, दोन वेगवेगळ्या छायाचित्रांतली माणसे एकमेकांना मिठी मारतात. मूलतत्त्व मात्र बदललेले नाही. मृताच्या चेहऱ्यावर दिसणारी हालचाल त्याची नसते. एका किंवा असंख्य परक्या जिवंत माणसांकडून ती उसनी घेतलेली असते.

मावशीचा आक्षेप नेमका इथे होता. चेहरा तिच्या आईचा होता, लकब दुसऱ्या कुणाची तरी होती. आपल्या माणसाला आपण अंधारात पावलांवरून ओळखतो, पाठमोरे असताना खांद्यांवरून ओळखतो. लकब ही व्यक्तीची सही असते. छायाचित्राने ती सही कधीच नोंदवली नव्हती, पण तिच्या जागी खोटी सहीही केली नव्हती. ती जागा त्याने कोरी ठेवली होती, आणि त्या कोऱ्या जागेतच मावशीचे 'आधी डोळे खाली घ्यायची' हे वाक्य राहत होते.

हालचाल निर्माण करणे हेच मुळात पाप आहे असे मला म्हणायचे नाही. तसे म्हटले तर सिनेमाच नाकारावा लागेल. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याच्या वेलाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीतल्या रोपाचे रोज थोडे चित्रीकरण, असे महिनाभराहून अधिक काळ. पडद्यावर ते रोप काही क्षणांत वाढले. ही हालचालसुद्धा डोळ्यांना दिलेला चकवाच, पण तिच्यातली प्रत्येक चौकट म्हणजे त्या त्या दिवशी त्या कुंडीत खरोखर असलेले रोप. फाळक्यांनी काळ आवळला, कल्पिला नाही. अ‍ॅपमध्ये नेमके उलट घडते. खरी चौकट एकच, उरलेल्या साऱ्या रचलेल्या. याच फाळक्यांविषयी असेही सांगितले जाते की बडोद्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला तेव्हा कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो या समजुतीमुळे लोक छायाचित्र काढून घ्यायला बिचकत. सव्वाशे वर्षांत समजूत पुरती उलटली आहे. तेव्हा यंत्र जीव घेते अशी भीती होती. आता यंत्र जीव देते अशी जाहिरात आहे.

मृतांच्या चेहऱ्यावर भाव चढवण्यातला धोका किती टोकाला जाऊ शकतो हेही त्याच २०२१ साली दिसले. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात (१९७५ ते १९७९) तुओल स्लेंग तुरुंगात हजारो कैद्यांची छायाचित्रे काढली गेली आणि त्यांतले बहुतेक जण पुढे मारले गेले. ती छायाचित्रे रंगवून 'व्हाइस' या माध्यमसंस्थेने एप्रिल २०२१मध्ये प्रसिद्ध केली. लवकरच लक्षात आले की काही चेहऱ्यांवर मूळ छायाचित्रात नसलेले हसू आणले गेले आहे. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने निषेध केला आणि तो मजकूर मागे घेण्यात आला. ही चित्रे हलत नव्हती, पण तत्त्व तेच. छायाचित्रातला माणूस 'मी हसलो नव्हतो' असे सांगायला येऊ शकत नाही. त्याच्या वतीने ते सांगणारी मावशी लागते. कंबोडियाच्या बाबतीत ती मावशी एक देश होता. आपल्या घराघरांतल्या मावश्या हळूहळू संपत चालल्या आहेत.

मात्र इतके बोलून मी थांबले तर आईवर अन्याय होईल. मावशीकडे तिच्या आईच्या हालचालीची आठवण होती, म्हणून तिला खोटी हालचाल ओळखता आली आणि नाकारताही आली. माझ्या आईकडे अशी आठवणच नाही. सहाव्या वर्षी गेलेल्या आईचा तिच्याजवळ उरलेला ठेवा म्हणजे एक वास, अंगाला लागलेल्या लुगड्याचा खरखरीतपणा, आणि ही तसबीर. आयुष्यात पहिल्यांदा, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिने आपल्या आईला पापणी लवताना पाहिले. ते उसने होते हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मला कळतं गं. पण माझ्याकडे खरं तरी कुठे होतं?" या प्रश्नाला माझ्या सगळ्या सैद्धांतिक वाचनात उत्तर नाही.

रोलां बार्थच्या 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या पुस्तकाची इथे आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७७ साली आई गेल्यावर बार्थ तिच्या छायाचित्रांत तिला शोधत राहिला आणि ती त्याला सापडली ती तिच्या पाचव्या वर्षीच्या एका छायाचित्रात. म्हणजे ज्या रूपात त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते त्या रूपात. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे आहेत, हे एक नाही. इतरांच्या दृष्टीने ते एक साधे जुने छायाचित्र ठरले असते, हे त्याचे कारण. मला ही गोष्ट दोन अर्थांनी महत्त्वाची वाटते. एक, आपल्याला खरे वाटणारे रूप हे आपण प्रत्यक्ष पाहिलेलेच रूप असते असे नाही. माझ्या आईचे अश्रू भाबडे होते असे म्हणणाऱ्याने बार्थलाही भाबडे म्हणायला हवे. दोन, शोकाला झाकून ठेवण्याचा अधिकार असतो. अ‍ॅपमध्ये मात्र चित्र तयार होताच सर्वांत आधी समोर येते ते 'शेअर करा' हे बटण. तुमचे अश्रू हेच कंपनीच्या जाहिरातीचे पहिले साधन असते.

यातून आपण व्यवहाराच्या प्रश्नावर येतो. शोकाचा बाजार नवा नाही. अमेरिकेत १८६०च्या दशकात विल्यम ममलर नावाचा छायाचित्रकार ग्राहकाच्या छायाचित्रात त्याच्या मृत आप्ताची धूसर आकृती दाखवून देत असे आणि नेहमीच्या दरापेक्षा बरेच जास्त पैसे घेत असे. त्या 'आत्म्यां'पैकी काही जण बोस्टनमधले हयात रहिवासी असल्याचे लोकांच्या लक्षात आले. मृताच्या मुखवट्यामागे जिवंत परका माणूस हा प्रकार असा जुना आहे. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, सर्कसवाला पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आला, पण युक्ती नेमकी कशी केली जाते हे सिद्ध न झाल्याने ममलर सुटला. पुढे अब्राहम लिंकन यांच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडून छायाचित्र काढून घेतले. त्यात मागे लिंकन यांची छाया आहे.

ममलर ठक होता, पण एका बाबतीत त्याचा व्यवहार आजच्यापेक्षा सरळ होता. लोक पैसे देत, छायाचित्र घरी नेत, आणि व्यवहार तिथे संपे. ते कागदाचे चित्र पुढे त्या घराचे असे. आजच्या अ‍ॅपला चित्र विकायचेच नसते. त्याला वर्गणी विकायची असते. पहिले काही प्रयोग फुकट, मग दर आठवड्याला किंवा वर्षाला आपोआप कापली जाणारी रक्कम, आणि रद्द करण्याची वाट फोनच्या चार पडद्यांआड. 'डीप नॉस्टॅल्जिया'चीही सुरुवात मोजक्या मोफत चित्रांनी आणि पुढे सशुल्क वर्गणीने झाली. तरी त्या कंपनीने आरंभी एक संयम पाळला होता: गैरवापर टाळण्यासाठी चेहऱ्यांना बोलते केले नव्हते. वर्षभरातच, २०२२ साली, त्याच कंपनीने छायाचित्रातली माणसे स्वतःची कहाणी सांगतात अशी 'लाइव्हस्टोरी' ही सुविधा आणली. मी यात कुणाची दुष्टता शोधत नाही. ज्या धंद्याला ग्राहक दर महिन्याला परत यायला हवा असतो, त्याला दर महिन्याला मृताकडून काहीतरी नवे करून घ्यावे लागते. आज हसवा, उद्या बोलवा, परवा मिठी मारायला लावा.

मी ज्याला अनुभवाची रचना म्हणेन, ती या गरजेतून घडलेली असते. चित्रफीत पाच-सहा सेकंदांतच का संपते? तंत्राच्या मर्यादा आहेत, खर्चही आहे. पण ती जिथे संपते तिथे पाहणाऱ्याचे मन सर्वांत उघडे असते, आणि नेमका तिथे दर सांगितला जातो. '२४ तासांत पुसली जाईल' ही घाई खोटी होती, कारण मूळ छायाचित्र आमच्या पाटावर होते आणि पुन्हा कधीही तेच करून घेता आले असते. 'मला ही आठवण गमवायची आहे' हे वाक्य तर कुठल्याही शोकग्रस्त माणसाच्या तोंडी घालणे अभद्र आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतल्या १३ प्रकारांत खोटी निकड, नकार देणाऱ्याला लाजवणे आणि वर्गणीचा सापळा हे तिन्ही आहेत. आईच्या हातातल्या त्या एका पडद्यावर हे तिन्ही एकत्र नांदत होते. कायद्याच्या दृष्टीने चपला विकणे आणि आजी विकणे यांत फरक नसेल, पण आपल्याला तो करता आला पाहिजे.

आणि इथेच त्या दिवसाचे निमित्त मला महत्त्वाचे वाटते. श्राद्धविधीवर माझी श्रद्धा फारशी नाही. पण रचना म्हणून पाहिले तर त्यात एक शहाणपण आहे. पितरांना आवाहन केले जाते, त्यांना जेवू घातले जाते, आणि शेवटी त्यांचे विसर्जन होते. बोलावणे आहे तसे निरोप देणेही आहे. पंधरवडा संपला की तसबीर पुन्हा भिंतीवर जाते आणि घरात नवरात्राची गडबड सुरू होते. मृतांसाठी वर्षातली ठरावीक जागा राखायची आणि उरलेले वर्ष जिवंतांचे, असा हा करार आहे. शोकाला शेवट नसला तरी त्याला आकार मिळतो तो या निरोपामुळे. अ‍ॅपमध्ये फक्त आवाहन आहे. विसर्जनाला तिथे जागाच नाही, कारण विसर्जन म्हणजे वर्गणी रद्द. आईच्या फोनवर नंतर कितीतरी आठवडे सूचना येत राहिल्या: तुमचे प्रियजन तुमची वाट पाहत आहेत. शेवटी एका रविवारी मामेभावाच्या मुलाने फोनवरून सांगत सांगत ती वर्गणी माझ्याकडून बंद करून घेतली. विसर्जनाचा विधी शेवटी असा पार पडला.

तर मग करावे काय? बंदीची भाषा मला पटत नाही. आईच्या प्रश्नापुढे ती टिकत नाही. मला हवे आहे ते साधे आहे. हे चित्र रचलेले आहे अशी खूण त्याच्या अंगावरच असावी, आणि ती पैसे देऊन पुसता येऊ नये. पैसे घ्यायचेच तर एकदाच घ्यावेत आणि चित्र कुटुंबाच्या हवाली करावे. 'पुसून टाका' म्हटल्यावर मूळ छायाचित्रही त्यांच्या यंत्रावरून जावे. आणि मृतांच्या नावाने सूचना पाठवणे बंद व्हावे.

आपल्यापुरते, म्हणजे भाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुरते, आणखी एक काम आहे. या वर्षी मी पदवीच्या वर्गाला घरातल्या एका जुन्या छायाचित्राविषयी लिहायला सांगितले. अट एकच होती: त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलेल्या कुणाशी तरी आधी बोलायचे, आणि तिची एक हालचाल शब्दांत आणायची. मुलांनी लिहून आणलेले साधेच होते. एक पणजोबा तंबाखू मळताना समोरच्याकडे न बघता बोलत. एक आत्या पायरी उतरताना आधी भिंतीला हात लावी. ही वाक्ये यंत्राला सुचणार नाहीत, कारण ती कुठल्याही छायाचित्रात नाहीत. ती फक्त कुणाच्या तरी सांगण्यात आहेत, आणि सांगणारा गेला की जातात.

माझे म्हणाल तर मी दिवाळीत मावशीकडे चार दिवस राहिले आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घेतले. परत आल्यावर आईला वाचून दाखवले. ती मन लावून ऐकत होती. 'आधी डोळे खाली घ्यायची' या जागेवर तिने मला थांबवले आणि म्हणाली, "नाही, आई आधी मान वळवायची. उजवीकडे."

मी तिला विरोध केला नाही. वहीत मावशीचे वाक्य आहे तसेच ठेवले, आणि समासात तारीख घालून आईचेही लिहिले.